संगणकाच्या पडद्यावरील रूपयोजना : रंगांच्या मालकीचा एक इतिहास

छापील ग्रंथाच्या बाबतीत एक गोष्ट वाचकाच्या हाती कधीच नसते. छापखान्याने जी शाई आणि जो कागद वापरला असेल तो त्याला पत्करावा लागतो. अक्षर फिके वाटले तर दिवा जवळ ओढावा, भिंग लावावे, नाहीतर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, यापलीकडे उपाय नसतो. संगणकाच्या पडद्याचे तसे नाही. तेथे अक्षर क्षणोक्षणी नव्याने रेखाटले जाते. तेव्हा ते कोणत्या रंगात रेखाटावे हा निर्णय, निदान तत्त्वतः, वाचणाऱ्याच्या स्वाधीन करता येतो. हा अधिकार प्रत्यक्षात त्याला कितपत मिळाला, केव्हा काढून घेतला गेला आणि कोणत्या मार्गाने परत आला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

खिडक्या, बटणे, मेनू, अक्षरे यांचे रंग, कडा, आकार आणि चिन्हे यांच्या एकत्र संचाला व्यवहारात ‘थीम’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘रूपयोजना’ हा शब्द योजिला आहे. रूपयोजनांविषयी जे लेखन होते ते बहुधा हौसेच्या किंवा सौंदर्याच्या अंगाने होते आणि म्हणून हा विषय अभ्यासकांना किरकोळ वाटतो. वस्तुतः ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला लाल-हिरव्यातील भेद कळत नाही, किंवा मोतीबिंदूमुळे ज्याला पांढऱ्या पडद्याचा उजेडच सोसत नाही, अशा माणसाला काम करता येणे वा न येणे हे अनेकदा रूपयोजनेवर ठरते.

या इतिहासात रूपयोजनेच्या दोन भिन्न कल्पना आलटून पालटून वर आलेल्या दिसतात. पहिल्या कल्पनेनुसार रूपयोजना ही भूमिकांची यादी असते : ‘खिडकीची पार्श्वभूमी’, ‘खिडकीतील मजकूर’, ‘निवडलेला मजकूर’ अशी नावे अगोदर ठरतात आणि कोणत्या भूमिकेला कोणता रंग द्यावयाचा हे मागाहून ठरते. नाटक मंडळीत एखादा नट आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, भूमिका मात्र तीच राहते, तसाच हा प्रकार होय. दुसऱ्या कल्पनेनुसार रूपयोजना हे एक चित्र असते. चित्रकाराने बटण रंगवून दिलेले असते आणि संगणक ते पडद्यावर चिकटवतो. पहिल्या प्रकारात वाचणाऱ्याला हस्तक्षेप करता येतो. दुसऱ्यात चित्र आहे तसे घ्यावे किंवा टाकून द्यावे, इतकेच त्याच्या हाती राहते.

आरंभकाळी हा प्रश्नच उद्भवला नव्हता, कारण रंगच नव्हते. झेरॉक्स कंपनीने १९८१मध्ये विक्रीस आणलेला ‘स्टार’ हा संगणक आणि त्यानंतर अॅपलचे ‘लिसा’ (१९८३) व ‘मॅकिंटॉश’ (१९८४) यांनी पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरे ही पद्धत रूढ केली. त्यापूर्वीच्या टर्मिनलांवर काळोख्या काचेवर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे उमटत असत. पडदा कागदासारखा दिसावा आणि पडद्यावर दिसेल तेच कागदावर छापून यावे, हा नव्या पद्धतीमागील हेतू होता. म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीची निवड झाली ती छपाईशी जुळवून घेण्यासाठी. डोळ्यांना काय सोसते याची पृच्छा त्या निवडीच्या मुळाशी मुख्यत्वेकरून नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मॅकिंटॉशच्या पडद्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीतर पांढरा. या दारिद्र्याचा एक लाभ असा की सारा पडदा उलटा करणे, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करणे, अगदी सोपे होते आणि तसे केल्याने मजकुरातील काहीही हरवत नसे. मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन लेगे व त्यांचे सहकारी यांनी १९८५मध्ये अल्पदृष्टीच्या वाचकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या डोळ्यातील पारदर्शक भाग गढूळ झालेला आहे अशांना काळ्यावर पांढरी अक्षरे अधिक सुलभपणे वाचता येतात, असे त्यांतून दिसून आले. कारण उघड आहे : पांढऱ्या पृष्ठभागाचा उजेड गढूळ भिंगातून विखुरतो आणि काळ्या अक्षरावर पसरून त्याला फिके करतो. सर्वांना एकच रंगव्यवस्था मानवेल ही समजूत त्यामुळे शास्त्रतः टिकण्यासारखी राहिली नाही.

रंगीत पडदे सर्वत्र पसरू लागले तेव्हा भूमिकांच्या यादीची गरज प्रथम भासली. मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘विंडोज ३.१’च्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगांचा जो विभाग होता, तो या दृष्टीने अभ्यासनीय आहे. पडद्याच्या वीसएक घटकांची नावे तेथे दिलेली असत आणि प्रत्येकाचा रंग वापरणाऱ्याला बदलता येई. सोबत काही तयार योजनाही होत्या. त्यांपैकी काही एलसीडी पडद्यांसाठी, तर एक प्लाझ्मा पडद्याची वीज वाचवण्यासाठी होती. यावरून यंत्रांमधील भेद ओळखून रूप बदलावे ही कल्पना माणसांमधील भेद ओळखण्याच्या कल्पनेबरोबरच, कदाचित तिच्याही आधी, रुजली असे म्हणावयास हरकत नाही.

त्या तयार योजनांपैकी ‘हॉटडॉग स्टँड’ ही योजना आजही थट्टेचा विषय आहे. पिवळाधमक डेस्कटॉप, लालभडक खिडक्या आणि त्यांत पांढरी अक्षरे असे तिचे रूप होते. डोळ्यांत खुपेल इतके भडक आहे, तेव्हा ठळक तरी असेलच, असे कोणासही वाटेल. आजच्या मोजमापाने पाहता तसे नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत, जिला कॉन्ट्रास्ट म्हणतात, ती शुद्ध लाल व शुद्ध पांढरा यांच्यात सुमारे ४ : १ आणि शुद्ध लाल व शुद्ध पिवळा यांच्यात सुमारे ३.७ : १ इतकीच भरते. सामान्य मजकुरासाठी आज किमान ४.५ : १ अपेक्षित असते. रंगाचा भडकपणा आणि वाचनीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच सांगता येईल. आमच्या काही विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या योजनांतही हीच गफलत वारंवार आढळते.

त्याच सुमारास युनिक्सच्या जगात याच प्रश्नाला अधिक विचारपूर्वक उत्तर दिले जात होते. ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९८९मध्ये आणलेल्या ‘मोटिफ’ या साधनसंचात अशी सोय होती की वापरणाऱ्याने केवळ पार्श्वभूमीचा रंग सांगावा आणि बटणाच्या वरच्या उजळ कडेचा, खालच्या गडद कडेचा, दाबलेल्या स्थितीचा व अक्षरांचा रंग संगणकाने गणित करून ठरवावा. पार्श्वभूमी एका मर्यादेहून उजळ असेल तर अक्षरे काळी, नसेल तर पांढरी, असा तो नियम होता. दिसण्यात मोटिफ काहीसा ओबडधोबड होता आणि त्याचे कौतुक आज कोणी करीत नाही. तथापि या नियमात जे शहाणपण आहे ते गणिताने दाखवता येते.

कॉन्ट्रास्ट मोजण्याचे सूत्र, जे पुढे २००८मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या सुगम्यता-मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत निश्चित झाले, असे आहे : दोन रंगांच्या सापेक्ष उजळपणात प्रत्येकी ०.०५ मिळवावे आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. शुद्ध काळ्याचा उजळपणा ० व शुद्ध पांढऱ्याचा १ धरला असल्यामुळे त्या दोहोंमधील तफावत २१ : १ येते. आता कोणताही एक पार्श्वरंग घ्या. त्याची पांढऱ्याशी असलेली तफावत आणि काळ्याशी असलेली तफावत यांचा गुणाकार नेहमी २१च येतो. म्हणून त्या दोहोंपैकी मोठी तफावत २१च्या वर्गमूळाहून, म्हणजे सुमारे ४.५८हून, कमी असूच शकत नाही. अर्थात पार्श्वभूमी कोणतीही असो, काळा व पांढरा यांपैकी योग्य तो रंग अक्षरांसाठी निवडला तर ४.५ची अट आपोआप पुरी होते. मोटिफची मर्यादारेषा या सूत्रावर बेतलेली नव्हती, त्यामुळे तिची निवड प्रत्येक वेळी अचूक ठरे असे नाही; परंतु अक्षराचा रंग पार्श्वभूमीपासून साधित करावा, स्वतंत्रपणे निवडू नये, हे तत्त्व तिने प्रत्यक्षात आणले.

ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’मध्ये उच्च-तफावतीची, म्हणजे ‘हाय कॉन्ट्रास्ट’ची, वेगळी सोय प्रणालीतच समाविष्ट झाली. डावीकडील ऑल्ट व शिफ्ट या कळा धरून प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की ती सुरू करता येई. ज्याला पडद्यावरील मेनूच वाचता येत नाही त्याला मेनूतून ती शोधावयास सांगणे व्यर्थ, हे येथे कोणाच्या तरी नीट लक्षात आले होते. याशिवाय वापरणाऱ्याने उच्च तफावत मागितली आहे काय, असे प्रणालीला विचारण्याचा मार्गही प्रत्येक सॉफ्टवेअरला उपलब्ध झाला. तो विचारण्याची तसदी फार थोड्या सॉफ्टवेअरांनी घेतली.

यानंतरची काही वर्षे चित्राची होती. पडदे अधिक रंग दाखवू लागले, स्मृती स्वस्त झाली, आणि बटण म्हणजे दोन रेषांनी वेढलेला चौकोन ही कल्पना मागासलेली वाटू लागली. विनअँपसारख्या संगीत वाजविणाऱ्या सॉफ्टवेअरला हौशी लोक नवनवे मुखवटे चढवू लागले. मॅकिंटॉशवर ‘कॅलिडोस्कोप’, युनिक्सवर ‘एन्लाइटनमेंट’ अशी साधने लोकप्रिय झाली. त्यांतील कारागिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. या हौसेतूनच रूपयोजना हा सामान्य माणसाच्या अभिरुचीचा विषय झाला. परंतु धातूचे पत्रे, लाकूड, काच यांचा भास निर्माण करणाऱ्या त्या चित्रांत अक्षर कोठे ठेवावयाचे हा विचार बहुधा शेवटी होत असे.

२००१ हे वर्ष या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्या वर्षी मार्चमध्ये अॅपलने ‘मॅक ओएस एक्स’ व त्याचे ‘अॅक्वा’ हे पाणीदार रूप बाजारात आणले. खिडकीच्या कोपऱ्यात लाल, पिवळी व हिरवी अशी तीन बटणे होती. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत लाल-हिरव्याची ओळख कमी-अधिक सदोष असते. त्यांच्या दृष्टीने ही निवड धोक्याची होती. तथापि बटणांचा क्रम स्थिर होता आणि माउसचा बाण जवळ नेला की त्यांवर चिन्हे उमटत, त्यामुळे रंग हाच एकमेव आधार राहिला नव्हता. ‘ग्रॅफाइट’ नावाचे करड्या रंगाचे पर्यायी रूपही होते. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’ आणले. त्याचे ‘लुना’ हे निळे-हिरवे रूप चित्रांच्या एका फाइलमध्ये बांधलेले होते आणि मायक्रोसॉफ्टची सही नसलेली फाइल प्रणाली स्वीकारीत नसे. उच्च तफावत मागितली की हे चित्र बाजूला होऊन जुने, रेषांचे, भूमिकांच्या यादीवर चालणारे रूप पुढे येई.

म्हणजे एकाच घरात दोन पंक्ती बसल्या. एका पंक्तीला चित्र, दुसरीला यादी. अल्पदृष्टीच्या वापरकर्त्याला वगळले नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. पण पंक्तिभेदाचा जो परिणाम सर्वत्र होतो तोच येथेही झाला. सॉफ्टवेअर लिहिणारे सगळे पहिल्या पंक्तीत बसत असल्याने दुसरीत काय वाढले जाते हे पाहण्याचे कोणाला कारण उरले नाही.

त्यातून उद्भवलेला दोष वरवर क्षुल्लक आहे, पण परिणामाने मोठा आहे. प्रणालीच्या यादीतील रंग जोडीने येतात : ‘खिडकीची पार्श्वभूमी’ व ‘खिडकीतील मजकूर’, ‘बटणाचा पृष्ठभाग’ व ‘बटणावरील मजकूर’. सॉफ्टवेअर लिहिणारा या जोडीतील एकच रंग प्रणालीकडून घेतो आणि दुसरा स्वतःच्या मनाने कायम करून टाकतो. त्याच्या पडद्यावर सारे ठीक दिसते, कारण त्याच्याकडे मजकूर काळा आणि पार्श्वभूमी पांढरीच असते. परंतु ज्याने काळी पार्श्वभूमी आणि पांढरा मजकूर निवडला आहे त्याच्याकडे प्रणाली ‘मजकूर पांढरा’ असे उत्तर देते, सॉफ्टवेअर पार्श्वभूमी पांढरी रंगवते, आणि पांढऱ्यावर पांढरे लिहिले जाते. अर्धी उसनवारी हाच येथे अपराध आहे. दोन्ही रंग स्वतःचे घेतले असते तर मजकूर निदान दिसला असता. दोन्ही प्रणालीचे घेतले असते तर वापरणाऱ्याला हवा तसा दिसला असता.

प्रस्तुत लेखकाने हा प्रकार प्रथम पाहिला तो पुस्तकातून नव्हे. एका ग्रंथालयातील सूची शोधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अल्पदृष्टीचा एक विद्यार्थी ग्रंथकाराचे नाव टंकित करीत होता आणि चौकट रिकामीच दिसत होती. अक्षरे उमटत नाहीत असे समजून त्याने तेच नाव तीनदा टंकित केले. तिन्ही नावे तेथे होती, पांढऱ्यावर पांढरी.

योगायोग असा की अमेरिकेत या प्रश्नावर कायद्याचे उत्तरही २००१मध्येच अंमलात आले. तेथील १९७३च्या पुनर्वसन कायद्याचे ५०८वे कलम १९९८मध्ये सुधारण्यात आले होते आणि त्याखालील तांत्रिक मानके जून २००१पासून लागू झाली. सॉफ्टवेअरने वापरणाऱ्याने निवडलेली तफावत, रंग व इतर दृश्य गुण डावलू नयेत, आणि माहिती सांगण्यासाठी केवळ रंगावर विसंबू नये, अशा आशयाच्या अटी त्यांत होत्या. संघराज्याच्या सरकारला माल विकावयाचा असेल तर या अटी दुर्लक्षून चालणार नव्हते. रंगांची निवड ही वापरणाऱ्याची आहे, असे एखाद्या शासनाने लेखी मान्य करण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग होय. आणि तो नेमका चित्रमय रूपयोजनांच्या ऐन भरात घडला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातील ‘नोम’ या डेस्कटॉपच्या दुसऱ्या पिढीवर (२००२) या वातावरणाची छाया स्पष्ट दिसते. सन मायक्रोसिस्टिम्सने त्याच्या सुगम्यतेच्या कामात मोठा वाटा उचलला होता. त्याच्या संचात उच्च तफावत, उलटी उच्च तफावत, मोठी अक्षरे, अल्प तफावत अशा रूपयोजना आल्या. अल्प तफावतीची योजना पाहून अनेकांना नवल वाटते. परंतु तीव्र उजेड-अंधाराचा ज्यांना त्रास होतो असेही वाचक असतात. चिन्हांचेही निराळे संच करावे लागले, कारण काळ्या रेषेचे चिन्ह काळ्या पार्श्वभूमीवर नाहीसे होते. २००६मध्ये त्या डेस्कटॉपच्या आधारभूत ‘जीटीके’ संचात रंगांना सांकेतिक नावे देण्याची सोय झाली आणि चित्राकडून यादीकडे परतण्याचा मार्ग खुला झाला. २००८च्या ‘केडीई ४’ने आणखी एक पाऊल टाकले. त्यातील रंगांच्या यादीत ‘नकारात्मक मजकूर’, ‘होकारात्मक मजकूर’, ‘भेट दिलेला दुवा’ अशा भूमिका आहेत. ‘लाल’ असे न म्हणता ‘नकारात्मक’ म्हटल्याने तो रंग कोणता असावा हे वाचणाऱ्यावर सोपवता येते. नामकरणातला एवढासा फरक, पण साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे.

मालकीचा वाद येथे संपला नाही. त्याला निराळे वळण लागले. २०१९मध्ये नोमसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या काही मंडळींनी एक खुले पत्र काढले आणि लिनक्सचे वितरण करणाऱ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवर परस्पर रूपयोजना लादू नयेत अशी विनंती केली. स्वतःच्या यंत्रावर बदल करणाऱ्या व्यक्तीविषयी त्यांची तक्रार नव्हती. अपरिचित रूपयोजनेत अक्षरे दिसेनाशी होतात, चिन्हे अर्थ गमावतात, आणि दोष मात्र लेखकाच्या माथी येतो, हे त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. त्यांच्या विरोधकांनी हा स्वातंत्र्याचा संकोच मानला. आमच्या मते दोन्ही पक्षांनी ज्या तिसऱ्या पक्षाला पुरेसे विचारात घेतले नाही तो म्हणजे ज्याला रूप बदलल्यावाचून वाचताच येत नाही असा वापरकर्ता. २०२१च्या अखेरीस आलेल्या ‘लिबअॅडवेटा’ या संचाने मनमानी रूपबदलाची वाट अरुंद केली, पण उच्च तफावतीची मागणी मात्र स्वतःच्या रचनेत सामावून घेतली. हौशी माणसाचे काही गेले, गरजवंताचे राहिले, असा हा सौदा होता.

विंडोजमध्येही अशीच घडामोड झाली. २०१२च्या ‘विंडोज ८’मधून ते जुने रेषांचे रूप काढून टाकले गेले. २०२१च्या ‘विंडोज ११’मध्ये ‘कॉन्ट्रास्ट थीम’ या नावाने चार तयार योजना आहेत आणि वापरणाऱ्याला मोजके आठ रंग बदलता येतात. त्यांपैकी निवडलेला मजकूर व बटण यांचे रंग तर उघडपणे जोडीनेच मांडलेले आहेत. वीसएक घटकांवरून आठ रंगांवर येणे ही अधोगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण पूर्वीच्या मोठ्या यादीकडे सॉफ्टवेअर दुर्लक्ष करीत; ही छोटी यादी संकेतस्थळांच्या रचनेपर्यंत पोचवता येते आणि तेथेही लागू करता येते.

अलीकडे ‘डार्क मोड’ या नावाने काळोख्या रूपाची जी लाट आली, २०१८च्या ‘मॅक ओएस मोहावी’ने जिला विशेष वेग दिला, तिच्याविषयी थोडक्यात इतकेच सांगावयाचे की काळे रूप म्हणजे सुगम्य रूप हे समीकरण प्रमाणित नाही. निरोगी डोळ्यांना उजळ पार्श्वभूमीवरील गडद अक्षरे सामान्यतः अधिक अचूकपणे वाचता येतात असे २०१३मध्ये पीपेनब्रॉक प्रभृतींच्या प्रयोगांत, तरुण व वृद्ध दोन्ही गटांत, आढळले. गढूळ भिंगाच्या डोळ्यांचा अनुभव उलटा आहे हे वर आलेच आहे. करड्यावर करडे लिहिणारी काळोखी योजना दोघांच्याही उपयोगाची नाही.

येथवरचा इतिहास रोमन लिपीच्या पडद्यावर घडला. देवनागरी त्या पडद्यावर उशिरा आली; विंडोजमध्ये ती २०००च्या आवृत्तीपासून प्रणालीच्या पातळीवर उपलब्ध झाली आणि तिच्यासाठी मुंबईचे लिपिकार प्रा. र. कृ. जोशी यांनी सिद्ध केलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच मराठी वाचकांच्या नजरेत बसला. परंतु बटणांची उंची आणि मेनूच्या ओळींमधील अंतर ही मापे रोमन अक्षरांवरून ठरलेली होती. रोमन लिपीत अक्षराच्या वर-खाली जे काही जाते ते थोडके. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. चित्रमय रूपयोजनेत बटणाची उंची चित्राने ठरलेली असल्यामुळे ती वाढवता येत नाही आणि मग उकार कापला जातो. भूमिकांच्या यादीवर चालणारी रूपयोजना मजकुराचे माप विचारून बटण उंच करू शकते.

अनुस्वाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. लहान आकारात तो एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा उरतो, आणि कडा मऊ दिसाव्यात म्हणून संगणक त्या ठिपक्याला पूर्ण काळा न रंगवता करडा रंगवतो. अक्षराचा रंग म्हणून जो जाहीर केला आहे त्यावरून तफावत ७ : १ भरत असली तरी अनुस्वाराची प्रत्यक्ष तफावत त्याहून पुष्कळ खाली येते. ‘रंग’ हा शब्द ‘रग’ असा वाचला जातो. ‘त्यांचे’ याचे ‘त्याचे’ होते, आणि मराठीत त्या एका ठिपक्यावर अनेकवचन व आदर या दोहोंचा भार असतो. उपर्युक्त मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या अक्षरांना ३ : १ची सवलत आहे. मोठे अक्षर म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट. आणि चिनी, जपानी, कोरियन लिपींसाठी त्याच्याशी तुल्य असे माप. देवनागरीचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. आपल्या लिपीत सर्वांत लहान अर्थवाहक खूण अनुस्वार ही आहे, तेव्हा कोणत्या आकाराला देवनागरीचे ‘मोठे अक्षर’ म्हणावे हे अनुस्वाराच्या व्यासावरून, वेगवेगळ्या अक्षरसंचांत आणि अल्पदृष्टीच्या मराठी वाचकांना सोबत घेऊन मोजता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी साधने कोणत्याही विभागाच्या संगणककक्षात आहेत.